आपल्या विहारात आर्याजी का दिसत नाहीत?

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर किंवा बेळगाव शहरातली एखादी बौद्ध वस्ती घ्या. आषाढी पौर्णिमेला विहारात वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत संध्याकाळचं ग्रंथवाचन चालतं. ऐकायला बसलेल्यांत बायका जास्त. विहार झाडणं, मेणबत्त्या-अगरबत्त्या, खीर, समारोपाच्या दिवशीचं जेवण हे सगळं त्यांच्याच अंगावर असतं. भंतेजी आले की त्यांचं ताट वाढणाऱ्याही त्याच. पण समोरच्या आसनावर चीवर, म्हणजे भिक्खूंचं वस्त्र घातलेली बाई, जिला आपण आर्याजी म्हणतो, बसली आहे आणि सगळी वस्ती तिच्या मागोमाग त्रिशरण-पंचशील म्हणते आहे, हे आपल्या भागात फार थोड्यांनी पाहिलं असेल.

मग एखादी पोरगी आईला विचारतेच, ‘बाईला भंतेजींसारखं होता येत नाही काय गं?’

होता येतं. खुद्द बुद्धांच्या हयातीत भिक्खुणी संघ उभा राहिला होता. तरी आज तो इतका थोडका का, त्याला ‘पूर्ण दीक्षा’ द्यायची की नाही यावर जगभर वाद का, आणि आपल्यासारख्या उपासक-उपासिकांचा त्यात काय संबंध, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. हा वाद आपल्यापर्यंत पोहोचतो तोपर्यंत ‘विनयात, म्हणजे संघाच्या नियमांत, बसत नाही’ एवढं एकच वाक्य उरलेलं असतं. त्या वाक्याच्या मागे काय आहे ते पाहू.

आधी पायऱ्या समजून घ्या

घर सोडून संघात येणारी बाई थेट भिक्खुणी होत नाही. आधी ती डोकं मुंडवून, चीवर घेऊन श्रामणेरी होते आणि दहा शीलं पाळते. त्यात दुपारनंतर न जेवणं येतं, सोनं-रुपं म्हणजे पैसा न स्वीकारणंही येतं. पुढची दोन वर्षं ती सिक्खमाना असते, म्हणजे सहा नियम न मोडता पाळून दाखवायचे. त्यानंतर उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा. ती झाली की मगच भिक्खुणी. श्रीलंका, म्यानमार, थायलंडमध्ये चालणाऱ्या थेरवाद परंपरेत भिक्खुणीला ३११ नियम असतात, भिक्खूला २२७. चीन, तैवान, कोरियात जी धर्मगुप्तक परंपरा चालते तिच्यात भिक्षुणींचे नियम ३४८ आहेत.

श्रामणेरी आणि भिक्खुणी यांच्यातला फरक फक्त नियमांच्या संख्येचा असता तर एवढा वाद झाला नसता. खरा फरक अधिकाराचा आहे. श्रामणेरी कितीही विद्वान असली तरी ती संघाची पूर्ण सदस्य नसते. चार भिक्खुणी एकत्र आल्या की मात्र तो संघ होतो. त्या आपला उपोसथ, म्हणजे पंधरवड्याची सभा, आपण करतात, पातिमोक्ख म्हणजे नियमांची यादी म्हणतात, आपले प्रश्न आपण सोडवतात. पुरेशा संख्येनं असल्या तर नव्या बाईला संघात घेण्याचं कामही त्या सुरू करू शकतात. श्रीलंकेतल्या दससील माता, म्यानमारमधल्या थिलाशिन, थायलंडमधल्या मे ची या सगळ्या मुंडन करून, आठ किंवा दहा शीलं पाळून आयुष्यभर राहतात. काहींचं पाली भाषेवर भिक्खूंपेक्षा चांगलं प्रभुत्व असतं. तरी रूढ व्यवस्थेत त्यांचं स्थान संघाबाहेरच. दानही त्यांच्याकडे कमीच जातं, कारण संघाला दिलेल्या दानाचं पुण्य मोठं असं लोक धरतात आणि या बायका संघात मोजल्याच जात नाहीत. पूर्ण उपसंपदेचा आग्रह मानापानासाठी नाही, तो यासाठी आहे.

वैशालीपर्यंतची पायपीट

सुरुवात महाप्रजापती गौतमीपासून झाली. बुद्धांना तिनंच वाढवलं होतं. कपिलवस्तूला तिनं तीनदा प्रव्रज्या, म्हणजे घर सोडून संघात येण्याची परवानगी मागितली आणि तिन्ही वेळा नकार आला. तिनं केस कापले, काषाय वस्त्रं घातली आणि इतर शाक्य स्त्रियांना घेऊन वैशालीपर्यंत चालत गेली. पाय सुजलेले, अंगावर धूळ, डोळ्यांत पाणी अशी ती दाराबाहेर उभी असताना बुद्धांचा शिष्य आनंद यानं तिला पाहिलं. आनंदानं बुद्धांना विचारलेला प्रश्न आजही या वादाचा कणा आहे: घर सोडून धम्मात आलेली स्त्री अर्हत्पद गाठू शकते का? बुद्धांचं उत्तर ‘हो’ असं होतं. त्या होकारानंतर संघाचं दार उघडलं.

दार उघडताना आठ गरुधम्म, म्हणजे आठ जड अटी घातल्या गेल्या असं विनयपिटकातल्या चुल्लवग्गात येतं. शंभर वर्षांची भिक्खुणी असली तरी तिनं त्याच दिवशी उपसंपदा झालेल्या भिक्खूला वंदन करायचं, ही पहिली अट. वाचताना घशाशी येते. महाप्रजापतीनं स्वतः नंतर ती काढायची विनंती केली होती आणि ती नाकारली गेली, हेही तिथेच नोंदलेलं आहे. या आठ अटींपैकी एकीत सिक्खमानेच्या दोन वर्षांचा उल्लेख येतो. पण संघात अजून एकही भिक्खुणी नसताना सिक्खमाना कुठून आल्या? या विसंगतीमुळे अनेक अभ्यासक या अटी मागाहून रचल्या किंवा घातल्या गेल्या असं मानतात. मलाही ते पटतं. बाबासाहेबांनी १९५१ साली ‘महाबोधी’ मासिकात लेख लिहून, बुद्धांनी स्त्रियांना हीन लेखलं हा आरोप खोडून काढला होता. स्त्रियांबद्दलची काही वचनं भिक्खूंनी मागाहून घुसडलेली आहेत, हा त्यांचा मुद्दा होता, आणि भिक्खुणी संघाची स्थापना हाच त्यांचा मोठा पुरावा होता.

त्या संघात कोण कोण आल्या ते पाहिलं की पुराव्याचं वजन कळतं. थेरीगाथेत ७३ कविता आहेत, सगळ्या थेरींच्या नावावर. त्यात पुण्णिका आहे. ती दासी. मालकिणीच्या धाकानं कडाक्याच्या थंडीत नदीवर पाणी भरायला जायची. तिथे पाप धुण्यासाठी कुडकुडत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला ती विचारते की पाण्यानं शुद्धी होत असती तर बेडूक, कासवं आणि सापसुद्धा स्वर्गात गेले नसते काय? राजाच्या प्रश्नांना उत्तरं देणारी खेमा आहे. धम्मदिन्नेनं आपल्या पूर्वीच्या नवऱ्याला धम्मातले बारकावे समजावले. ती चर्चा बुद्धांना सांगितल्यावर ते म्हणाले, मला विचारलं असतं तर मीही हेच सांगितलं असतं.

आणि हा संघ मगधात, कोसलातच राहिला असंही नाही. सह्याद्रीतल्या लेण्यांत भिक्खुणींची नावं कोरलेली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात वेदिकेचं, म्हणजे कठड्याचं दान देणारी एक जण आहे कोडी भिक्खुणी, घुणिकाची आई. एवढीच ओळख तिनं मागे ठेवली आहे.

विरजण संपलं तेव्हा

आता वादाच्या गाभ्याकडे येऊ. भिक्खुणीची उपसंपदा दोन्ही संघांसमोर व्हावी लागते, आधी भिक्खुणी संघासमोर, मग भिक्खू संघासमोर. म्हणजे नवी भिक्खुणी करायला जुन्या भिक्खुणी लागतात. दह्याला विरजण लागतं तसं हे आहे. दूध कितीही चांगलं असलं तरी घरातलं विरजण संपलं की अडलंच.

श्रीलंकेत ते एकदा संपलं. इसवीसनपूर्व तिसऱ्या शतकात अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन अनुराधपुरला गेली आणि तिथल्या अनुला राणीसह स्त्रियांचा संघ सुरू झाला. तो हजारावर वर्षं चालला. दहाव्या-अकराव्या शतकात चोळांच्या स्वाऱ्यांत अनुराधपुर उद्ध्वस्त झालं आणि भिक्खुणी संघ नाहीसा झाला. तिबेटात तर भिक्षुणींची पूर्ण उपसंपदेची परंपरा रुजलीच नव्हती.

पण त्या उलथापालथीत भिक्खू संघाचीही तीच गत झाली होती! लंकेत उपसंपदा द्यायला पुरेसे भिक्खू उरले नव्हते. विजयबाहू राजानं ब्रह्मदेशाहून भिक्खू आणवले आणि संघ पुन्हा उभा केला. अठराव्या शतकात परत तीच वेळ आली, तेव्हा १७५३ साली सयामहून उपाली थेर आले आणि पुन्हा उपसंपदा सुरू झाली. आज लंकेतला सगळ्यात मोठा निकाय, म्हणजे भिक्खूंचा पंथ, त्यांच्यापासूनचा आहे. पुरुषांसाठी शेजारच्या देशातून विरजण आणलं त्याला कुणी अधर्म म्हटलं नाही.

बायकांसाठी शेजारी कोण? इथे इतिहासानं एक सोय करून ठेवली होती. पाचव्या शतकात लंकेतल्या काही भिक्खुणी जहाजानं चीनला गेल्या. पहिल्या खेपेला आलेल्यांची संख्या उपसंपदेला पुरेना, म्हणून आणखी भिक्खुणी बोलावल्या गेल्या. त्या ४३३ साली पोहोचल्या आणि पाठोपाठ आजच्या नानजिंगमध्ये तीनशेवर चिनी स्त्रियांची दोन्ही संघांसमोर उपसंपदा झाली. तीच परंपरा पुढे कोरिया, तैवान, व्हिएतनाममध्ये टिकली. लंकेतून गेलेलं विरजण तिकडे जिवंत राहिलं.

८ डिसेंबर १९९६ रोजी सारनाथला कोरियन भिक्षुणींच्या साहाय्यानं दहा श्रीलंकन दससील मातांची उपसंपदा झाली. कुसुमा या त्यांच्यातल्या पहिल्या. १९९८ साली बोधगयेत तैवानच्या फो ग्वांग शान संघानं मोठा उपसंपदा सोहळा केला आणि त्याच वर्षी दंबुल्ला इथे श्रीलंकेच्या भूमीवर पुन्हा भिक्खुणींची उपसंपदा सुरू झाली. सारनाथ आणि बोधगया ही दोन्ही सुरुवातीची ठिकाणं भारतात आहेत, याची आपल्याकडे फारशी दखल घेतली गेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

विरोध संपला मात्र नाही. आक्षेप असा की चीनची परंपरा धर्मगुप्तक, आपली थेरवाद. परंपरा मिसळली तर उपसंपदा ग्राह्य नाही. थायलंडमध्ये १९२८ सालच्या संघराजांच्या आदेशानं भिक्खूंना स्त्रियांना दीक्षा देण्याचीच मनाई आहे. तिथल्या धम्मनंदा या पूर्वाश्रमीच्या प्राध्यापिका २००३ साली श्रीलंकेत जाऊन भिक्खुणी झाल्या. ऑस्ट्रेलियात पर्थजवळ अजान ब्रह्म या भिक्खूंनी २००९ साली चार स्त्रियांच्या उपसंपदेत भाग घेतला, तेव्हा त्यांच्या थाई परंपरेनं त्यांनाच बाहेर काढलं. दुसऱ्या बाजूला भूतानमध्ये २०२२ सालच्या जून महिन्यात तिथल्या धर्मप्रमुखांनी, जे खेन्पोंनी, १४०हून जास्त स्त्रियांना पूर्ण दीक्षा दिली. हिमालयीन परंपरेत एवढं मोठं पाऊल यापूर्वी पडलं नव्हतं.

नियम अडवतो की वाट काढून देतो?

दोन्ही संघांची अट आली कुठून, हे पाहिलं की माझं मत मी का ठामपणे मांडते ते कळेल. उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला प्रश्न विचारतात. अमुक आजार आहेत का? तू स्वतंत्र आहेस ना? ऋण नाही ना? आईबापांची, नवऱ्याची परवानगी आहे ना? वय वीस पूर्ण आहे ना? पात्र-चीवर आहे ना? बायकांना यात शरीराबद्दलचेही प्रश्न असतात. (ऋणाचा प्रश्न आपल्याकडे आजही जिवंत आहे. बचत गटाचं किंवा फायनान्सचं कर्ज डोक्यावर असलेल्या बाईला आधी ते फेडावं लागेल.) हे प्रश्न भिक्खू विचारायला लागले तेव्हा बायका लाजेनं गप्प झाल्या, त्यांना उत्तर देता येईना. तेव्हा बुद्धांनी सांगितलं की आधी भिक्खुणींनी आपापल्यात विचारून घ्यावं, तिथे ती शुद्ध ठरली की भिक्खू संघानं उपसंपदा द्यावी. म्हणजे बायकांचा संकोच राखण्यासाठी जी पद्धत पडली, तीच आज त्यांना बाहेर ठेवायला पुढे केली जाते. त्याच चुल्लवग्गात, भिक्खूंनी भिक्खुणींना उपसंपदा द्यावी अशी बुद्धांची आधीची अनुज्ञाही आहे. भिक्खुणी नसतील तर ती अनुज्ञा लागू होते, असं ब्रह्मदेशातल्या मिंगुन जेतवन सयाडोंनी १९४९ सालीच लिहिलं होतं.

आणखी एक प्रसंग आहे, तो आपल्या सीमाभागातल्या माणसानं मुद्दाम वाचावा. सोण कुटिकण्ण नावाचा तरुण अवंतीत राहत होता. त्याला भिक्खू व्हायचं होतं. उपसंपदेला दहा भिक्खू लागत आणि अवंती-दक्षिणापथात भिक्खू थोडे. त्याचे गुरू महाकच्चान यांना दहा जण जमवायला तीन वर्षं लागली. पुढे सोण बुद्धांना भेटायला गेला तेव्हा त्यानं गुरूंचा निरोप पोहोचवला: आमच्याकडे माणसं कमी, जमीन खडबडीत, रीतिरिवाज निराळे, तर नियमांत सूट द्यावी. बुद्धांनी दिली. मध्यदेशाबाहेरच्या प्रत्यंत जनपदांत, म्हणजे सीमेवरच्या मुलखांत, विनय जाणणारा धरून पाच भिक्खू असले तरी उपसंपदा होईल. जाड तळाच्या वहाणा वापरायलाही परवानगी मिळाली, कारण तिकडची जमीन काळी आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली! प्रसंग भिक्खूंचा आहे हे मान्य. पण मध्यवर्ती ठिकाणी बसून केलेला नियम काठावरच्या माणसाला जमत नाही, म्हणून तो नियम वाकवायचा असतो, ही दृष्टी त्यात स्पष्ट आहे.

बायकांसाठीही ती लावली गेली. अड्ढकाशी ही काशीची गणिका. तिला उपसंपदेसाठी श्रावस्तीला जायचं होतं, पण वाटेवर गुंड टपून बसल्याची बातमी आली. तिनं बुद्धांकडे निरोप धाडला. उत्तर आलं: हुशार आणि समर्थ भिक्खुणीला दूत करून पाठवा, उपसंपदा निरोपानं होईल. ज्या जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगराकडे मुली देवदासी म्हणून सोडल्या जात होत्या, ज्यासाठी १९८२ साली कायदा करावा लागला, त्या जिल्ह्यातल्या माणसाला अड्ढकाशीची गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. तिचा पूर्वीचा धंदा आड आला नाही, आणि रस्ता असुरक्षित होता म्हणून तिलाच घरी बसा असंही कुणी म्हटलं नाही.

मुंडगोडचा शेजार

आपल्यापासून फार लांब जायला नको. हुबळीच्या पुढे, उत्तर कन्नड जिल्ह्यात मुंडगोडला तिबेटी लोकांची वसाहत आहे. तिथे भिक्षूंच्या मोठमोठ्या विहारांबरोबर जांगचुब चोएलिंग हा स्त्रियांचा विहारही आहे. २२ डिसेंबर २०१६ रोजी याच मुंडगोडला दलाई लामांच्या हस्ते वीस तिबेटी स्त्रियांना ‘गेशेमा’ ही पदवी मिळाली. तिबेटी परंपरेत ही तत्त्वज्ञानाची सर्वोच्च पदवी. पुरुषांना ती शतकानुशतकं मिळत होती, बायकांना मिळायला एकविसावं शतक उजाडलं. ती मिळवायला वर्षानुवर्षं अभ्यास, मग वादविवादाच्या आणि लेखी परीक्षा. पण या परंपरेत स्त्रियांना श्रामणेरीपर्यंतचीच दीक्षा मिळत आली आहे. म्हणजे विद्वत्तेत सर्वोच्च पदवी आणि संघात पहिली पायरी. नियमांची कोंडी कशी दिसते हे कुणाला पाहायचं असेल तर ते इतक्या जवळ आहे.

आपण काय करू शकतो

वाद पंडितांनी मिटवावा, पण संघ चालतो तो ताटावर. बुद्धांच्या काळात हे विशाखा या उपासिकेला नेमकं कळलं होतं. अचिरवतीत उघड्यानं आंघोळ करणाऱ्या भिक्खुणींची गणिकांनी टिंगल केली हे ऐकून तिनं भिक्खुणींना स्नानवस्त्र देण्याची परवानगी मागून घेतली. आजारी भिक्खूचं अन्न वेगळं, त्याची सेवा करणाऱ्याचं अन्न वेगळं, औषध वेगळं, नव्यानं गावात आलेल्याचं जेवण वेगळं, असं तिनं एकेक मागितलं. कारण गावात नवखा असलेला भिक्खू भिक्षेला गल्ल्या शोधत फिरणार, दमणार. दान म्हणजे काय तर समोरच्याची अडचण आधी पाहणं, हे विशाखेकडून शिकावं.

आपल्या भागात भिक्खुणींना वर्षावासाला बोलवायचं ठरवलंत, तर पहिली गोष्ट म्हणजे एकटीला बोलवू नका. भिक्खुणीनं एकटीनं गावोगाव जाणं, एकटीनं नदी ओलांडणं, रात्री एकटीनं राहणं हे तिच्या गंभीर नियमांत मोडतं. ही बंधनं बायकांवर झालेल्या अत्याचारांमुळे आली. निदान दोघी-तिघी असाव्यात. विहारामागची पत्र्याची खोली, कडी नीट न लागणारी आणि संडास मैदानापलीकडे, हे चालणार नाही. आतून बंद होणारं दार, लागून न्हाणीघर, दिवा. शिवाय वर्षावास अशा ठिकाणी हवा, जिथे ओवाद, म्हणजे उपदेश द्यायला भिक्खू येऊ शकेल.

जेवण दुपारी बाराच्या आत. ते हातात देऊन, ‘घ्या आर्याजी’ असं म्हणून अर्पण करायचं. ताट नुसतं समोर ठेवून निघून जायचं नाही, कारण न दिलेलं त्या उचलत नाहीत. भाकरी, आमटी, पालेभाजी, भात, जे आपण खातो ते चालतं. एक बारकावा मात्र आपल्या बायकांनी लक्षात ठेवावा. भिक्खुणींच्या पाचित्तिय, म्हणजे मोडल्यास कबुली द्यावी लागणाऱ्या, नियमांतला पहिलाच नियम लसणाचा आहे. लसूण खायचा नाही. थुल्लनंदा नावाच्या भिक्खुणीनं एका उपासकाच्या शेतातला सगळा लसूण उपटून नेला, त्यावरून तो आला. वरणात-कालवणात शिजलेल्या लसणाला सूट आहे. म्हणजे फोडणीची चिंता नको, पण भाकरीवर लसणाची चटणी वाढू नका. त्याउलट तूप, तेल, मध, गूळ, दूध, दही या गोष्टी आजारी नसताना त्यांना मागता येत नाहीत. तुम्ही आपणहून वाढलंत तर घेता येतात. ‘लागलं तर मागतील की’ असं म्हणणाऱ्या घरात त्यांना तीन महिने दही मिळणार नाही.

हेच पाळीच्या दिवसांचं. विनयात त्यासाठी वेगळ्या वस्त्राची तरतूद अडीच हजार वर्षांपूर्वी झाली. आज आपल्या विहाराच्या सामानाच्या यादीत सॅनिटरी पॅड कुणी लिहीत नाही, कारण यादी पुरुष करतात आणि विचारायला संकोच वाटतो. ती जबाबदारी एखाद्या अक्कानं उघडपणे घ्यावी. गावातल्या बाई डॉक्टरांशी तिनंच आधी बोलून ठेवावं.

पैसा त्यांच्या हातात द्यायचा नाही. पाकीट पात्रात टाकायचं नाही. विहाराच्या कमिटीतल्या एका माणसाकडे, शक्यतो बाईकडे, हिशेब असावा आणि तिनं लागेल ते आणून द्यावं. प्रवासाचंही तसंच. कर्नाटकात २०२३ पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही, पण ती सोय इथल्या रहिवाशांना. नागपूर-औरंगाबादकडून येणाऱ्या आर्याजींच्या आधार कार्डावर महाराष्ट्राचा पत्ता असेल, तर कोल्हापूरहून निपाणीला येतानाच कुणीतरी सोबत जाऊन तिकीट काढायला हवं. वाहकानं भर गर्दीत पैसे मागितले आणि त्यांच्याकडे रुपयाही नाही, अशी वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नये.

आणि त्यांना नुसतं जेवायला घालून पाठवू नका. प्रवचन त्यांना द्यायला सांगा. नामकरण, मंगल परिणय, पुण्यानुमोदन या कार्यक्रमांत मुख्य आसन द्या. कमिटीतले काही जण म्हणतील, भंतेजी नाही मिळाले म्हणून बाई आणली काय? १९२५ साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली निपाणीला बहिष्कृतांची परिषद भरली होती. त्या मातीतल्या कमिटीत असा प्रश्न आला, तर त्याचं उत्तर द्यायला बायकांनीच उभं राहावं. वस्तीतली एखादी मुलगी श्रामणेरी व्हायचं म्हणाली, तर घरचे आधी लग्नाचं बोलतील. अशा वेळी दहा-पंधरा दिवसांच्या श्रामणेरी शिबिराला तिला पाठवायची तयारी ठेवा. ते तात्पुरतं असतं, परत येता येतं. खरी ओढ आहे की नाही ते तिचं तिला कळतं.

निमंत्रण आषाढी पौर्णिमेच्या तोंडावर देऊन उपयोग नाही. वर्षावासाची जागा त्यांना आधीच ठरवावी लागते आणि एकदा बसल्यावर तीन महिने मुक्काम हलत नाही. म्हणून माघ-फाल्गुनातच बोलणं करा. बोलावताना पवारणाही करा, म्हणजे औषधपाणी किंवा जे लागेल ते नि:संकोच मागा असं तोंडानं, सगळ्यांसमोर सांगा. असं सांगितल्याशिवाय त्यांना मागता येत नाही. मुदत बोलला नाहीत तर ते निमंत्रण चार महिन्यांचं धरतात, पुढेही चालू ठेवायचं असेल तर तसं पुन्हा सांगावं लागतं. एकदा सांगून थांबू नका. दर पंधरवड्याला उपोसथाच्या दिवशी हिशेब ठेवणाऱ्या अक्कानं जाऊन विचारावं, कारण श्रावणात लागणारी घोंगडी आणि भाद्रपदातला खोकला जूनमध्ये केलेल्या यादीत नसतो.